शब्द ओळखीच्यांसाठी असतो

"खुणेचा शब्द सांगा," बंद दाराआडून केतकी म्हणाली.

"अगं, मी आहे. शैला मावशी."

"हो, माहीत आहे."

"मग दार उघड ना. आबांना काय झालं?"

"आबा पडले." आवाज रडवेला होता, पण प्रत्येक अक्षर स्पष्ट. "शब्द सांगा ना, मावशी."

माझा उजवा हात वरणभाताने तसाच भरलेला होता. टेलिफोन ऑफिसातली सकाळची ड्युटी संपवून मी नुकतीच जेवायला बसले होते. आमच्या आणि इंगोल्यांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. पलीकडे आधी काहीतरी जड कोसळलं, मग स्टीलचा पेला फरशीवर बराच वेळ गोल फिरत राहिला. तो थांबल्यावर केतकीचा आवाज आला, "आबा, उठा ना. असं नका ना करू." मी ताटावरून तशीच उठले आणि त्यांच्या दाराशी गेले.

ही अमरावतीतली गोष्ट आहे, मोबाइल आमच्यापर्यंत पोचायच्या आधीची. आमच्या मजल्यावर फोन फक्त माझ्याकडे होता, तोही नोकरीमुळे. शेजारी इंगोल्यांच्या घरात तिघं: वैजयंती, तिची सात वर्षांची केतकी आणि सासरे आबा. नवरा सुरतेला कापडगिरणीत, दिवाळीला आणि उन्हाळ्यात येणार. वैजयंती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, रोज एस.टी.ने गावोगाव फिरणारी. केतकी दुपारी शाळेतून आली की घरात ती आणि आबा.

"आबा काही बोलतात का?"

"नाही. तोंड वाकडं करून राहिले. मी म्हटलं नका करू, तरी करतात."

लकवा झालेली माणसं मी पाहिली होती. लाकडी दाराबाहेरच्या जाळीच्या दाराला मी दोन्ही हातांनी धरलं.

"डोळे उघडे आहेत त्यांचे?"

"एक उघडा आहे. माझ्याकडेच पाहून राहिले."

"केतकी, नीट ऐक. आबांना दवाखान्यात न्यायला पाहिजे. लगेच. तू फक्त कडी काढ."

"शब्द पायजे."

"ते अनोळखी माणसांसाठी असतं, राणी. आईने अनोळखी माणसांबद्दल सांगितलं असेल ना?"

"नाही." ती मला समजावून सांगू लागली. "अनोळखी माणसाला शब्द विचारायचाच नसतो. त्याला उघडायचंच नाही. शब्द ओळखीच्यांसाठी असतो."

हा धडा मी ऐकला होता. उन्हाळ्याच्या सुटीपासून वैजयंती तो गॅलरीत बसून रोज घोकून घ्यायची, केतकीची वेणी घालता घालता. "पेपरवाले दादा आले तर?" "शब्द." "शाळेच्या रिक्षाचे काका?" "शब्द." "वरच्या मजल्यावरची काकू?" "शब्द." एकदा मी माझ्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा तिने विचारलं, "शैला मावशी आली तर?" केतकीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाली, "शब्द."

मला ते लागलं. "मीसुद्धा का गं, वैजू?"

"सगळेच, ताई," ती म्हणाली. "एकाला सोडलं की ती विचारते, मग दुसऱ्याला का नाही."

"मग सांगावं की."

तिने वेणीला रिबिनीची गाठ मारली आणि केतकीला खेळायला जा म्हणाली. पण 'इथेच, गॅलरीत' असंही म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात तिने लाकडी दाराबाहेर हे लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं. कड्या केतकीच्या हाताला येतील इतक्या खाली. बिल्डिंगमधले लोक हसले. इंगोलेबाईंनी तिजोरी बसवली म्हणाले. हसणाऱ्यांत मीही होते.

"शब्द कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मला, आईला आणि आबांना."

मी घरात धावले. त्यांचं दार ऐकू यावं म्हणून माझं उघडंच ठेवलं. वैजयंतीच्या ऑफिसात फोन लावला. इंगोले मॅडम दौऱ्यावर आहेत, कोणत्या गावी ते साहेबांना माहीत, साहेब मीटिंगला. गल्लीतल्या डॉक्टरांकडे लावला. कंपाउंडर म्हणाला, "पेशंटला घेऊन या."

"दार बंद आहे हो. आतून."

"मग आधी दार उघडा, बाई."

दिवसभर मी परक्या माणसांना परक्या माणसांशी जोडून देत असे. त्या दुपारी माझ्या हातात फोन होता आणि एकही नंबर उपयोगाचा नव्हता.

परत आले तर जिन्यात पुंडकर भेटले. "काय झालं, शैलाताई? एवढा कल्ला कायचा?"

पुंडकर तळमजल्यावर राहत. सरकारी नोकरीतून लवकर मोकळे झालेले. फ्यूज उडाला, पाण्याची मोटर बंद पडली, गॅसचं सिलिंडर वर न्यायचं, प्रत्येक वेळी पुंडकर. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खिळे ठोकलेली एक लाकडी फळी होती. गावाला जाताना, नोकरीवर जाताना, आमच्या बिल्डिंगमधली सगळी घरं आपली जादाची किल्ली त्या फळीवर ठेवून जात. प्रत्येक किल्लीला त्यांनी सुबक अक्षरात नाव लिहून दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. माझीही तिथेच असायची.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी जाळीला तोंड लावलं. "केतकी बेटा, मी पुंडकर काका. खोल बरं दार."

आतलं रडणं थांबलं. कमी झालं नाही, थांबलं. मग आणखी एक कडी सरकल्याचा आवाज आला. आधी लागलेली नव्हती, ती लागल्याचा.

"केतकी?" मी हाक मारली. "केतकी, बोल ना."

काही नाही.

"पाहा," पुंडकर माझ्याकडे वळून म्हणाले, "लेकराले कसं भेदरवून ठेवलं मायनं. अहो, किल्ली माह्याकडंच होती यांची. मे महिन्यात मागून नेली, वरून कुलूप बदललं. अडीअडचणीले शेजारचाच माणूस लागते, हे आजकालच्या बायांले कोण सांगन?"

मला त्यांचं पटलं. तेव्हा मनातून मीही वैजयंतीवर चिडले होते.

"कोपऱ्यावरच्या वेल्डरले पाहतो," ते म्हणाले. "जाळी कापाच लागीन. ऑटोवाल्यालेही थांबवतो." आणि धडाधड जिना उतरले.

त्यांच्या पावलांचा आवाज विरला.

"मावशी," आतून अगदी हळू आवाज आला. "गेले का ते?"

"गेले."

"खाली?"

"हो, मिस्त्री आणायला. तू बोलायची का थांबलीस?"

"आबांच्या तोंडातून पाणी येऊन राहिलं," ती म्हणाली.

"त्यांना कुशीवर वळवता येतं का?"

धडपड ऐकू आली. "नाही. जड आहेत खूप."

"बरं. मग नुसतं तोंड एका बाजूला कर. हळूच. केलं?"

"केलं. पाणी पाजू का?"

"नको! पाणी नको. काहीच नको पाजू." माझा आवाज चढला तशी ती पुन्हा रडू लागली. मी आवाज खाली आणला. ड्युटीवर लाइन तुटत असताना जसा काढायचे तसा. "शहाणी गं माझी. आता एक काम कर. तो शब्द मला सांग, मग मी तोच तुला म्हणून दाखवते."

"असं नाही चालत."

"आई रागावणार नाही. मी सांगते ना तिला."

मग ती म्हणाली, "'आई रागावणार नाही' असं कोणी म्हटलं ना, की मग तर उघडायचंच नाही."

"तसं नाही गं. मला आईनेच पाठवलं असं समज."

"तेही नाही चालत."

"आबांची शपथ."

"शपथ पण नाही."

वैजयंतीने एकही फट ठेवली नव्हती. माझ्या तोंडून जे जे निघत होतं, ते सगळं त्या पोरीला आधीच सांगून ठेवलेलं होतं: वाईट माणूस असं म्हणेल, असं म्हणेल, आणि असंही म्हणेल. मी जितकी गोड बोलत होते तितकी तिच्या दृष्टीने वाईट माणसासारखी होत होते. मी दाराला टेकून खाली फरशीवरच बसले.

आमच्या दोन दारांमधल्या कोपऱ्यात ज्वारीच्या धांड्यांचा मखर होता आणि त्यात मातीची भुलाबाई मांडलेली. महिनाभर रोज संध्याकाळी बिल्डिंगमधल्या पोरी तिथे जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणत. गाणी संपली की जिची पाळी असेल ती झाकण लावलेला डबा आणायची आणि बाकीच्यांनी आतली खिरापत ओळखायची. डबा कानाशी हलवायचा. गोड की तिखट? वाजतं की नाही? कच्चं की शिजवलेलं? डबेवालीने खिरापतीचं नाव सांगायचं नाही, पण विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तरही द्यायचं नाही. खोटं सांगितलं की भुलाबाई रुसते.

"मावशी," आतून केतकी म्हणाली. तीही दाराला टेकूनच बसली असावी, आवाज माझ्या खांद्याशी येत होता. "तुम्ही ओळखा ना."

"काय?"

"शब्द. खिरापतीसारखा. आई म्हणाली, सांगायचा नाही. ओळखू द्यायचा नाही असं नाही म्हणाली."

मी उठून गुडघ्यांवर बसले. "खाण्याची वस्तू आहे?"

"हो."

"गोड की तिखट?"

"तिखट."

"चिवडा?"

"नाही."

"वाजतं का डब्यात?"

"नाही वाजत."

"वाटली डाळ? थालीपीठ? धिरडं?"

"नाही, नाही, नाही. तुम्ही प्रश्न विचारा ना, नुसती नावं नका घेऊ." ती पुन्हा रडकुंडीला आली. "आबा घोरल्यासारखं करून राहिले."

"बरं, बरं. कोरडं की ओलं?"

ती विचारात पडली. "तेल घातलं की ओलं."

तेवढ्यात मला जिन्यात हालचाल जाणवली. वळून पाहिलं तर मधल्या वळणावर पुंडकर उभे होते. एकटेच. अनवाणी आले होते, म्हणून आवाज झाला नव्हता. मी काही बोलणार तोच त्यांनी तर्जनी ओठांवर ठेवली. मग तेच बोट छातीवर दोनदा टेकवलं, टक टक, आणि मान किंचित तिरपी करून हसले. चालू द्या, अशी खूण केली.

मला ते त्यांचं शहाणपण वाटलं. पोरगी आपल्या आवाजाला बिचकते हे त्यांच्या लक्षात आलंय, म्हणून बिचारे गप्प उभे आहेत. मी पुन्हा दाराकडे वळले.

"एकच वस्तू आहे की दोन?"

"दोन. एकात एक."

"आई करते?"

"आईला नाही जमत. फुटतात तिचे."

"मग कोण करतं?"

हा प्रश्न खेळात बसत नव्हता. ती घुटमळली. मग अगदी हळू, जणू भुलाबाईलाही ऐकू जाऊ नये, म्हणाली, "तुम्ही."

इंगोले मंडळी इथे राहायला आली त्या दिवशी त्यांचा गॅस आलेला नव्हता. मी पातेलंभर गोळाभात केला होता, बेसनाचे गोळे भाताबरोबर वाफवून, वरून फोडणीचं तेल घालून. केतकीने गोळे मोजून खाल्ले होते. त्यानंतर दर आठवड्याला ती माझ्या दारात येऊन विचारायची, मावशी, आज काय केलं?

"गोळाभात," मी म्हणाले.

"बरोबर," ती म्हणाली. एक कडी निघाली. दुसरी निघाली. लाकडी दार उघडलं, आणि मग जाळीची कडी काढायला तिचा ओला हात बाहेर आला.

पुंडकर दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. "व्हा बाजूले, ताई." आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवे होते. पुंडकरांनी त्यांना एकट्याने उचललं. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. आबांना खांद्यावर घेऊन ते जिना उतरत होते, आबांचा उजवा हात त्यांच्या पाठीवर लोंबत होता. केतकी कुठे आहे ते मला आधी दिसलंच नाही. ती माझ्या मागे होती. पदर मुठीत धरून तोंड त्यात खुपसलेली.

खाली ऑटो उभा होता. "आबांचं डोकं धराले बाईमाणूस पायजे," पुंडकर म्हणाले. "तुम्ही बसा, ताई. केतकीजवळ मी थांबतो."

मी बसले. पदर ताणला गेला. मूठ सुटेना.

"सोड, बेटा, मावशीले जाऊ दे," म्हणत पुंडकरांनी तिची मूठ उकलायला हात पुढे केला. तिने पदर दोन्ही हातांनी धरला.

"येऊ द्या हो तिला, उशीर होतोय," मी म्हणाले. मला घाई होती, दुसरं काही नाही. ती माझ्या पायाशी बसली. पुंडकर ड्रायव्हरच्या बाजूला.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. जीव वाचेल. उजवी बाजू आणि बोलणं याबद्दल आत्ताच काही सांगता येत नाही.

पुंडकर औषधांची चिठ्ठी घेऊन गेले. मी आणि केतकी बाकावर बसलो. तिच्या फ्रॉकला आबांची लाळ लागली होती, ती मी रुमालाने पुसली. आबा बरे होतील म्हटलं. तू फार हुशार आहेस म्हटलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पुंडकर काका आले तेव्हा गप्प का गं झालीस? घाबरतेस त्यांना?"

केतकीने आधी औषधांच्या खिडकीकडे पाहिलं. रांगेत पुंडकरांची पाठ दिसत होती. मग तिने तर्जनी ओठांवर ठेवली, तेच बोट छातीवर दोनदा टेकवलं, आणि मान किंचित तिरपी केली. हसली नाही.

मी रुमाल घडी करत राहिले. त्या घडीची पुन्हा घडी केली.

वैजयंती दिवेलागणीला आली. बिल्डिंगखालीच कोणीतरी सांगितलं होतं. काचेतून आबांना पाहून आली, केतकीला उराशी धरलं. "दार कोणी उघडलं?"

"मी शब्द नाही सांगितला," केतकी घाईने म्हणाली. "मावशीने ओळखला."

वैजयंतीने माझ्याकडे पाहिलं. मी खिरापतीचं सांगितलं. तिने डोळे मिटले.

"हे नव्हतं माझ्या लक्षात आलं," ती म्हणाली.

केतकीला पाण्याच्या कूलरपर्यंत पाठवून, तिच्यावरची नजर न काढता, मी विचारलं, "वैजू, शब्द ओळखीच्यांसाठी का?"

तिने कूलरपाशी उभ्या केतकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मे महिन्यात एक दिवस तिला न्हाऊ घालत होते. सहज विचारलं, आज कुठं खेळली गं? तर तिनं असं केलं." वैजयंतीने बोट ओठांवर ठेवलं, मग छातीवर दोनदा टेकवलं. "कोणी शिकवलं म्हटलं, तर पुन्हा तेच. शाळेतलं कोणी? बिल्डिंगमधलं? तेच. नवरा आला, त्यानं विचारलं. तेच. मी मारलंसुद्धा तिला, ताई. मार खाताना पण तेच करत होती."

"आणि कोण ते—"

"तेच तर कळेना. कोणीतरी ओळखीचं, एवढंच. मग काय करणार? सगळेच."

"म्हणून मीही."

"तुम्हीही," ती म्हणाली. नजर खाली केली नाही. मला त्याचं आता काही वाटलं नाही.

"वैजू, आज तो इशारा मी पाहिला."

"तुमच्यापुढेही केला तिनं?"

"केला. पण त्याच्या आधी एकदा पाहिला. जिन्यात. तिनं केलेला नाही."

ती माझ्याकडे वळली. तोच पुंडकर आले. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात कपबशी. "वैनी, घ्या, चहा घ्या पयले. आबा वाचले. काही चिंता करू नका, मी हाय ना."

वैजयंतीने माझ्याकडे पाहिलं. मी पुंडकरांकडे पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे. मला तोंड उघडावं लागलं नाही.

मागे बिल्डिंगमधले लोक येऊ लागले होते. "पुंडकर नसते तर काही खरं नव्हतं," कोणीतरी म्हणालं. सासऱ्याला त्याने खांद्यावर घेऊन जिना उतरवला होता. औषधं त्याने आणली होती. वैजयंतीने हात पुढे केला आणि कप घेतला. केतकी कूलरपाशी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती आणि आईने तो चहा घेताना पाहत होती.

सुरतेहून नवरा आला. तो आणि वैजयंती पोलिस चौकीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. "काय सांगायचं?" ती मला म्हणाली. "आमच्या मुलीनं एक बोट असं केलं, आणि त्या माणसानंही केलं? साक्षीदार कोण, तर शेजारीण. आणि पहिला प्रश्न ते केतकीलाच विचारतील." केतकीला तिने पुन्हा विचारलं होतं, मांडीवर घेऊन, न रागावता. केतकीने आता इशाराही केला नाही. काहीच केलं नाही.

मी दोन घरी बोलले. जपून, नाव एकदाच घेऊन. पहिली म्हणाली, "अहो, ज्या माणसानं म्हाताऱ्याले खांद्यावर नेलं त्याच्याबद्दल असं बोलवते तरी कसं?" दुसरी हसली. "लेकरं टीव्ही पाहून काहीबी शिकतात. माही नातही करते असं." तिची नात कोणत्या वेळी पुंडकरांकडे किल्ली आणायला जाते, असं मी विचारलं. ती हसायची थांबली, आणि मग माझ्याशी बोलायचीच थांबली.

आबा घरी आले. वाचा गेली ती गेलीच. पुंडकर रोज चौकशीला येत, दार उघडंच असे, भेटायला माणसं असत. ते आले की आबांचा डावा हात पलंगाच्या लोखंडी पट्टीवर आपटू लागे आणि डोळ्यांतून पाणी येई. "पाहा, आबांना किती भरून येतं पुंडकरांना पाहून," लोक म्हणत. आबांना काय माहीत होतं, आणि कधीपासून, हे आता त्यांना कोणी विचारू शकत नव्हतं.

कोजागिरीला भुलाबाईची बोळवण झाली. गच्चीवर दूध आटवलं आणि सोसायटीने पुंडकरांना शाल-नारळ दिला. टाळ्या वाजल्या. वैजयंती वर आली नाही. आबांजवळ बसावं लागतं, असा निरोप तिने पाठवला.

दिवाळीच्या आधी इंगोल्यांनी घर सोडलं. टेम्पोत सामान चढलं तेव्हा केतकी पुढच्या सीटवर आईला चिकटून बसली होती. मी खिडकीतून गोळाभाताचा डबा दिला. तिने तो हलवून पाहिला नाही. मांडीवर ठेवला.

"मावशी, तिथे नवा शब्द आहे," ती म्हणाली.

"मला सांगू नको हं."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "ओळखू पण नाही देणार."

टेम्पो वळणाआड गेला. मी वर न जाता तळमजल्यावर गेले आणि पुंडकरांची बेल वाजवली. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ही बाई कार्यक्रमांना येई, सतरंज्या घाली, आणि तिचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता.

"माझी किल्ली पाहिजे होती," मी म्हणाले.

तिने कारण विचारलं नाही. वळून फळीकडे गेली. एक खिळा आधीच रिकामा होता. बाकी सगळ्यांवर किल्ल्या होत्या, सुबक अक्षरातल्या नावांच्या चिठ्ठ्यांसह. माझी काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"सगळ्यायनं नेल्या तं बरं होईल," ती म्हणाली. ओठ जेमतेम हलले.

"कोण हाय वं?" आतून पुंडकरांनी विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.